तो फोटो एकोणिसाव्या शतकातला नाही

गवताचा घागरा नेसून कोचावर पहुडलेली सामोअन (पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरची) स्त्री, असा तपकिरी छटेचा एक फोटो पुढे पाठवला जातो, आणि खाली ओळ: 'एकोणिसाव्या शतकातील दुर्मीळ छायाचित्र'. हे चुकीचे आहे. फोटो २००४-०५ मधला आहे आणि त्यातली व्यक्ती म्हणजे हा फोटो घडवणाऱ्या कलाकार युकी किहारा स्वतःच आहेत. आई सामोअन, वडील जपानी; जन्म सामोआत, शिक्षण न्यूझीलंडमध्ये.

मूळ कलाकृती तीन फोटोंची आहे आणि फिरतो तो फक्त पहिला. दुसऱ्यात घागरा नाही. कोच तोच, पोझ तीच, शरीर स्त्रीचेच वाटते. तिसऱ्यात पुरुषाचे लिंग दिसते. किहारा फाआफाफिने आहेत, म्हणजे जन्माने पुरुष ठरवलेली पण स्त्रीच्या रीतीने जगणारी व्यक्ती. सामोअन समाजात अशा व्यक्तींना पूर्वीपासून स्थान आहे. वसाहतकाळात गोरे छायाचित्रकार सामोअन बायकांना स्टुडिओत अर्धनग्न बसवून फोटो काढत, ते पोस्टकार्डांवर विकले जात. किहारांनी तीच मांडणी उचलून त्या नजरेलाच जाब विचारला आहे. एकटा पहिला फोटो 'दुर्मीळ' म्हणून पुढे पाठवला की तीच जुनी नजर परत येते, याचे मला फार वाईट वाटते.

आणखी एक दुरुस्ती. व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात २०२२ साली त्यांनी सामोआचे नव्हे, न्यूझीलंडचे प्रतिनिधित्व केले. ते करणाऱ्या त्या पहिल्या पॅसिफिक वंशाच्या कलाकार.

जपानी वारसाही त्यांच्या कामात उघड दिसतो: झाडाच्या सालीपासून बनणाऱ्या सिआपो या सामोअन कापडाचे त्यांनी किमोनो केले आहेत.