गायरान म्हणजे पडीक जमीन नव्हे

आमच्या जत तालुक्यातील गावच्या गायरानाभोवती गेल्या महिन्यात सौर प्रकल्पासाठी तारेचे कुंपण उभे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या ज्या वाटेने माळावर जात होत्या, त्या वाटेवर आता लोखंडी फाटक आहे. मोजणीला आलेल्या साहेबांनी कागदावर ‘पडीक, विनावापर’ असे लिहिले. पावसाळ्यानंतर या माळावर मारवेल आणि पवन्या गवत गुडघ्याएवढे वाढते, ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही अशा घरांच्या शेळ्या वर्षाचे आठ महिने इथेच पोसल्या जातात, आणि तरीही ही जमीन विनावापर! कोणत्या डोळ्यांनी पाहिली यांनी ती?

सर्वांत जास्त चीड येते ती या प्रकल्पाला विरोध केला म्हणून आम्हाला शेतकऱ्यांचे शत्रू ठरवले जाते तेव्हा. रात्री दोन वाजता बॅटरी हातात धरून, साप-विंचवांतून वाट काढत मोटार चालू करायला जाणारे आम्हीच आहोत, आणि शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी आमचीच आहे. शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला, त्याचे आम्ही स्वागतच केले. पण एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. म्हणजे पाच मेगावॉटच्या प्रकल्पासाठी वीस-पंचवीस एकर चराई एका फटक्यात जाते, तीही पंचवीस वर्षांसाठी. त्या काळात जनावरांनी काय खायचे, याचे उत्तर एकाही अधिकाऱ्याने दिलेले नाही.

खासगी जमीन भाड्याने घेतली, तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. हा भाव योग्यच आहे. मग गायरानावर जगणाऱ्या मेंढपाळाला काय? ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळतील, असे सांगतात. त्या पैशातून गटार होईल, पेव्हिंग ब्लॉक बसतील, पण ज्याचा कळप मोडला त्याच्या हातात त्यातला एक रुपयाही येणार नाही. सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही, म्हणून नुकसानभरपाईच्या यादीतही तो नाही.

जमीन महसूल संहितेच्या कलम 22 नुसार गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बजावले, तेव्हापासून गायरानात दोन एकर कसून पोट भरणाऱ्या भूमिहीनांना नोटिसांचा धाक दाखवला जातो. त्याच गायरानाचा पट्टा कंपनीला देताना मात्र कोणाला अडचण वाटत नाही. आमच्या ग्रामसभेत हा विषय अजेंड्यावर नव्हता. ठराव झाल्याचे आम्हाला खांब रोवायला लोक आले तेव्हा कळले. सौर प्रकल्पांना पर्यावरण परवानगीच लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीचाही प्रश्न आला नाही. आम्ही बोलायचे तरी कुठे?

वीज उपकेंद्राजवळची नापीक खासगी जमीन भाड्याने द्यायला तयार असलेले शेतकरी याच गावात आहेत, कोणीही यावे आणि विचारावे. ग्रामसभा पुन्हा बोलवा, नकाशा समोर ठेवा, मेंढपाळांना पुढच्या रांगेत बसवा. तोवर माळावरचे उरलेले खांब आम्ही रोवू देणार नाही.