चिखलात लोळायला एवढ्या लांब?

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात दादाने त्याच्या मुलाच्या शाळेचा निरोप टाकला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, वाकडला राहतो, पोरगं ज्युनिअर केजीत. ‘पेन्सिलची पकड कच्ची आहे, घरी रोज एक पान सराव घ्यावा.’ दादाने दुसऱ्याच दिवशी हस्ताक्षराचा क्लास शोधला. साडेचार वर्षांच्या मुलाला! मी लिहिलं, राहू दे रे, खेळू दे त्याला. त्यावर वहिनीचं उत्तर आलं, ‘नुसतं खेळायचंच असेल तर शाळेत कशाला घालायचं?’ पाठोपाठ आत्याने माझ्या लेकीचा किटातला, म्हणजे इथल्या बर्लिनच्या बालवाडीतला, चिखलाने माखलेला फोटो शोधून काढला आणि खाली लिहिलं, ‘हे करायला एवढ्या लांब गेलात का गं?’ मग हसणाऱ्या इमोजींची रांग.

आत्याला ग्रुपवर उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून इथे बोलते.

त्या चिखलात उतरण्याआधी काय होतं ते फोटोत दिसत नाही. बाहेर पडायच्या वेळी पंधरा-वीस पोरं कॉरिडॉरमध्ये फतकल मारून माचहोझे, म्हणजे चिखलात घालायच्या पाणी न शिरणाऱ्या विजारी, चढवतात, गमबूट घालतात, टोप्या शोधतात. एर्त्सीएरिन, म्हणजे किटातल्या बाई, बाकावर बसून बघत असतात. नोव्हेंबरात एकदा आम्हाला उशीर झाला म्हणून मला हे सगळं पाहायला मिळालं. तीन वर्षांचा एक मुलगा डावा बूट उजव्या पायात कोंबत होता. ढकलून झालं, ओढून झालं, रडकुंडीला आला. माझा हात आपोआप पुढे गेला. बाईंनी नुसती मान हलवली. त्याने बूट भिरकावला, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसला, मग शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीने सांगितलं, दुसऱ्या पायात घालून बघ. गेला की बूट आत! या सगळ्यात वीस मिनिटं गेली असतील. आपल्याकडे पालकसभेत प्रश्न आला असता, या वीस मिनिटांत शिकवलं काय?

आणि पेन्सिलचंच म्हणाल तर, या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात. काहींच्या जागी अजून नुसती कूर्चा असते. आधी दंड, मग तळवा, मग बोटं, अशा क्रमाने हाताला ताकद येते. ती झाडावर लोंबकळून येते, ओली वाळू उपसून येते, कणकेचा गोळा मळून येते. रोज एक पान गिरवून येत असती, तर मग क्लास कशाला लागला असता?

वहिनी हुशार आहे, आकडे काढून बसते. तिने मला सुनावलं की २०२२च्या पिसा परीक्षेत (देशोदेशीच्या शाळकरी मुलांची तुलना करणारी चाचणी) जर्मनीची पंधरा वर्षांची मुलं पूर्वी कधी नव्हती इतकी घसरली. खरं आहे. इथल्या वर्तमानपत्रांतही त्यावर गदारोळ झाला. पण आपली दोन राज्यं, तमिळनाडू आणि हिमाचल, २००९च्या फेरीत बसली, यादीत तळाला गेली, आणि त्यानंतर २०२२पर्यंत आपण त्या परीक्षेलाच बसलो नाही. हे मी लिहिल्यावर ग्रुप दोन दिवस शांत होता.

मला खरा राग येतो तो ‘तुमची परदेशी थेरं’ या शब्दांचा. दादा शिकलासवरलेला माणूस, पण बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांचं नाव त्याने ऐकलेलं नाही! १९४५ साली बोर्डीला ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंखशिंपले, बिया, पानं, माती यांची साधनं झाली. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अंगणवाडीचं मूळ तिथलं. पालघर जिल्ह्यात, वाकडहून गाडी काढली तर एका दिवसात जाऊन येता येईल. ही थेरं परदेशी कशी? आणि आता दिल्लीचं २०२०चं शैक्षणिक धोरणही तेच सांगतंय, तीन ते आठ वर्षांपर्यंत भर खेळावर द्या. ते कागदावर असतं, आणि दादाच्या मुलाच्या दप्तरात चार रेघी वही असते.

इथेही हे सगळं सुखासुखी झालेलं नाही. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्गला मुलांच्या खेळासाठी संस्था काढली, त्यातूनच किंडरगार्टन आलं. पण १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण काय, तर पुतण्याची मतं काकाच्या नावावर खपवली गेली. बंदी उठायला १८६० उजाडलं, तोवर फ्रोबेल वारलेही होते. अगदी अलीकडेपर्यंत शेजारीपाजारी किटाच्या आवाजावरून कोर्टात जात. २०११ साली केंद्रीय कायद्यातच लिहून टाकलं की किटा आणि मुलांच्या मैदानातून येणारा आवाज हा एरवी त्रासदायक गोंगाट धरायचा नाही. दादाच्या सोसायटीत पार्किंगजवळ पाटी आहे, ‘आवारात बॉल खेळण्यास सक्त मनाई. आदेशावरून.’ (आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाई रविवारी झाडूच्या दांड्याने छत ठोकतात, पण तो विषय वेगळा.)

फी मी काढतच नाही. बर्लिनमध्ये किटाला फी नाही, जेवणाचे महिन्याला तेवीस युरो. दादा वर्षाला किती भरतो ते मला माहीत आहे आणि ते लिहिलं तर वहिनी माझ्याशी कायमची बोलणं टाकेल. कर्मचारी नाहीत म्हणून आमची किटा महिन्यातून दोनदा तरी दुपारीच बंद होते, हे मात्र मी ग्रुपवर कधी टाकत नाही.

मागच्या मे महिन्यात सांगलीला गेलो होतो. संध्याकाळी गल्लीत डबा ऐसपैस रंगला. माझी लेक, इथे बर्लिनमधल्या आमच्या प्रेन्झलाउअर बेर्ग भागातल्या मैदानात माझ्या दीडपट उंच दोरांच्या जाळीवर चढणारी, कठड्याशी उभी. नियम कोणीतरी सांगेल म्हणून थांबलेली. पण तिथले नियम दर पाच मिनिटांनी बदलत होते, तेही आरडाओरडा करून. शेवटी दहा वर्षांच्या भाच्याने निकाल दिला, ‘हिला कच्चं लिंबू घ्या.’ झालं. ती धावली, पकडली गेली, बाद झाली नाही, पुन्हा धावली. खेळता येत नाही अशा पोराला खेळाबाहेर न ठेवता आत घ्यायची ही सोय कोणी बाईंनी शिकवलेली नाही, पोरांनी पोरांसाठी केलेली आहे. वहिनीला मी तेव्हाच म्हणाले, याला शिक्षण म्हणतात. ती म्हणाली, हो ना, मग इथेच राहायचं होतं की.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचाईत ही आहे की इथल्या पालकसभेत मी स्वतः कच्चं लिंबूच असते. सगळे हसतात, समजून घेतात, माझं मत मोजलं जात नाही. आता घरच्या ग्रुपवरही तेच झालंय. म्हणून कदाचित मी एवढी तावातावाने लिहिते.

लेक अंघोळीच्या टबात बाहुल्यांशी एकटी खेळते तेव्हा सगळ्या बाहुल्या जर्मन बोलतात. रागावतात जर्मनमध्ये, समजूतही जर्मनमध्येच काढतात. माझ्याशी ती मराठी बोलते, छान बोलते, पण खेळ तिकडे गेला. हे लक्षात आल्यापासून दर शनिवारी सकाळी मी तिला सांगलीहून आणलेली अंकलिपी घेऊन बसवते. अ अननसाचा, आ आगगाडीचा, एकेक ओळ गिरवायची. ती पाचच वर्षांची आहे, कंटाळते, कधीकधी रडते. ऑगस्टपासून ग्रुंडशूले, म्हणजे प्राथमिक शाळा, मग मराठीला वेळ कुठला?

हे दादाच्या क्लाससारखं नाही. यात मार्क नाहीत, स्पर्धा नाही, आणि ही अक्षरं तिला इथे दुसरं कोणी शिकवणार नाही. वहिनीला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. अंकलिपी टेबलावर दिसेल म्हणून शनिवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल मी उचलत नाही.