‘आयत्या बिळावर नागोबा’? पेटंटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जिवाणू निसर्गाचा, एमआरआय भौतिकशास्त्राचा, आणि ऑनलाइन ट्रेडिंगच्या पडद्यावरचा रकाना कुणालाही सुचला असता, तेव्हा या तिन्हींवरचं पेटंट म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. शिवाय आनंद मोहन चक्रवर्ती या शास्त्रज्ञाच्या ‘तेलखाऊ’ जिवाणूनं कुठल्याच समुद्रातलं तेल खाल्लं नाही, हा टोलाही तुम्ही हाणला आहे.

टोला खरा आहे. त्याआधीचे तीन आरोप मात्र पेटंटची शीर्षकं वाचून केलेले दिसतात. हक्क शीर्षकात नसतो, आकृत्यांतही नसतो; तो शेवटी क्रमांक घालून छापलेल्या दाव्यांत असतो. त्या दाव्यातली एक अट जरी लागू झाली नाही, तरी समोरचा बहुतेक वेळा मोकळा सुटतो.

आधी जिवाणू. चक्रवर्ती जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत असताना १९७२ साली पेटंटचा अर्ज झाला. त्यात दावे तीन प्रकारचे होते: जिवाणू तयार करण्याची पद्धत, पेंढ्यासारख्या तरंगत्या वाहकावर बसवलेले जिवाणू, आणि खुद्द जिवाणू. परीक्षकानं पहिले दोन प्रकार मान्य केले, तिसरा नाकारला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला तो या तिसऱ्यावर. आणि तिथेही दावा सरसकट ‘स्यूडोमोनास’ या जिवाणूंच्या अख्ख्या वंशावर नव्हता. त्या वंशातला असा जिवाणू, ज्यात ऊर्जा मिळवून देणारी किमान दोन स्थिर प्लाझ्मिडं (मुख्य गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी कडी) आहेत आणि त्यातलं प्रत्येक हायड्रोकार्बन, म्हणजे तेलातले घटक, तोडण्याचा वेगळा मार्ग पुरवतं, एवढाच. एकच प्लाझ्मिड घेऊन मातीत जगणारा स्यूडोमोनास या दाव्यात बसतच नाही.

यातला ‘स्थिर’ हा शब्द फुकटचा नाही. कापूर पचवणारं आणि ऑक्टेन पचवणारं अशी दोन प्लाझ्मिडं एका पेशीत नांदत नाहीत; पिढ्या वाढत जातात तसं एक गळून पडतं. चक्रवर्तींनी दोन्ही असलेल्या पेशींवर अतिनील किरण सोडून ती एकमेकांना जोडून घेतली. आता याच्याशी १९४८ चा फंक ब्रदर्स खटला ताडून पाहा. तिथे एकमेकांना मारक न ठरणाऱ्या रायझोबियमच्या (डाळवर्गीय पिकांच्या मुळांतल्या जिवाणूंच्या) जाती निवडून एकत्र केल्या होत्या. उपयोगी काम होतं, पण एकही जात बदललेली नव्हती, म्हणून पेटंट टिकलं नाही. म्हणजे ‘निसर्गाचं ते निसर्गाचंच’ हा तुमचा नियम न्यायालयांना आधीपासून मान्य आहे.

समुद्रातलं तेल का खाल्लं नाही? प्रयोगशाळेच्या माध्यमात सगळी पोषकद्रव्यं मोजून घातलेली असतात. तेल सांडलेल्या पाण्यात कार्बन ढीगभर, नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र तुटपुंजे. पाहुण्या जिवाणूलाही तीच उपासमार. त्यात बदल केलेले सूक्ष्मजीव उघड्यावर सोडायला कुणी धजत नव्हतं. १९८९ मध्ये एक्सॉन व्हॅल्डीझ जहाजातून तेल सांडल्यावर अलास्काच्या किनाऱ्यावर नायट्रोजन-फॉस्फरसची खतं टाकली गेली आणि तिथल्याच जिवाणूंकडून काम करून घेतलं गेलं. पेटंट मिळालं म्हणून माल बाजारात चालतो असं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत न आलेली, पण सूक्ष्मजीवांच्या पेटंटमध्ये जिथे खरी गोची होते ती जागा म्हणजे नमुना जमा करणं. नुसत्या वर्णनावरून दुसऱ्याला तोच जिवाणू मिळवता येईलच असं नसतं. म्हणून १९७७ च्या बुडापेस्ट करारानुसार मान्यताप्राप्त सूक्ष्मजीव-संग्रहालयात एकदा नमुना दिला की तो सगळ्या सदस्य देशांत चालतो. तो किमान ३० वर्षं, आणि नमुन्याची शेवटची मागणी आल्यापासून किमान ५ वर्षं, जपावा लागतो. युरोपात नमुना अर्जाच्या तारखेपर्यंत जमा झालेलाच हवा. अमेरिकेत तो अर्ज चालू असताना दिला तरी चालतो. या फरकावर विसंबून उशीर केला की युरोपातला हक्क गेला, नंतर दुरुस्ती नाही.

दुसरी चूक जास्त छुपी. संग्रहालय नमुना जिवंत आहे का एवढंच तपासतं. तुम्ही ज्या गुणावर दावा केला तो शाबूत आहे का, हे नाही. प्लाझ्मिडवाला जिवाणू साध्या पोषक माध्यमावर वाढवला की प्लाझ्मिड बाळगण्याची त्याला गरज उरत नाही. पेशी टुणटुणीत, जिवंतपणाचं प्रमाणपत्र हातात, आणि प्लाझ्मिड गायब! म्हणून नमुन्यासोबत माध्यमाची कृती, तापमान आणि निवडीचा दाब (तो गुण असलेल्याच पेशी तगतील अशी परिस्थिती) लिहून द्यायचा. गुण नॅप्थलीन पचवण्याचा असेल, तर कार्बनचा एकमेव स्रोत नॅप्थलीनच ठेवा असं स्पष्ट सांगायचं. नमुना मेल्याची सूचना आली, तर ती मिळाल्यापासून तीन महिन्यांत नवा द्यावा लागतो, तोही ‘हा तोच जिवाणू आहे’ अशा सहीच्या निवेदनासह. तेव्हा मूळ साठ्याच्या काही कुप्या उणे ८० अंशांना स्वतःकडे असलेल्या बऱ्या.

ट्रेडिंगबद्दल तुमचा राग मला अर्धा मान्य आहे. एका क्लिकमध्ये खरेदीचं अॅमेझॉनचं पेटंट २०१७ मध्ये मुदत संपेपर्यंत जगलं, याचं मला आजही नवल वाटतं. अॅलिस या कंपनीच्या पेटंटच्या प्रकरणात व्यवहाराच्या दोन्ही बाजूंमध्ये मध्यस्थ ठेवून जोखीम कमी करण्याची जुनी रीत फक्त संगणकावर चढवली होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं ती एकमतानं उडवली, ते योग्यच झालं.

पण तुम्ही ज्याला ‘रकाना’ म्हणून हिणवलंत तो ट्रेडिंग टेक्नॉलॉजीज या कंपनीचा किमतींचा खांब निराळा आहे. जुन्या पडद्यावर सर्वोत्तम खरेदी आणि विक्रीचा भाव ठरलेल्या चौकटीत दिसायचा. बाजार हलला की चौकट तिथेच, आकडा बदललेला. ट्रेडर एका भावावर माऊस नेतो, बोट दाबतो, आणि तेवढ्यात खालचा भाव बदलून ऑर्डर भलत्याच किमतीला जाते. या कंपनीनं किमती उभ्या खांबात स्थिर ठेवल्या आणि त्यांच्या बाजूनं खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींच्या संख्या वरखाली सरकू दिल्या. आता क्लिक ज्या भावावर, ऑर्डर त्याच भावाला. फार तर ती लगेच भरली जाणार नाही. तोटा असा की बाजार धावला की तो पडद्याबाहेर जातो आणि ट्रेडरला खांब पुन्हा मध्यावर आणावा लागतो. ई-स्पीड या प्रतिस्पर्धी कंपनीविरुद्धच्या खटल्यात हाच मुद्दा निर्णायक ठरला: ‘स्थिर’ म्हणजे ट्रेडरनं स्वतः आज्ञा दिल्याशिवाय न हलणारा, असा अर्थ २०१० मध्ये कायम झाला, आणि आपोआप मध्यावर येणारे पडदे सुटले. पुढे २०१७ मध्ये अपील न्यायालयानं किमतींच्या खांबाचे दावे पेटंटयोग्य मानले; २०१९ मध्ये त्याच कंपनीची दुसरी काही पेटंटं, ज्यात पडद्यावर वेगळी माहिती दाखवण्यापलीकडे फारसं काही नव्हतं, बाद ठरवली. अशा पडद्यानं ट्रेडर जलद होतो, संगणक नाही, असं कारण न्यायालयानं दिलं. तुमचा आक्षेप या दुसऱ्या गठ्ठ्याला चपखल लागू पडतो.

एमआरआयमध्ये चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. एमआरआयच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या रेमंड डमाडियन यांचं १९७४ चं पेटंट प्रतिमेचं नव्हतंच. ऊतीचे टी-१ आणि टी-२ हे विश्रांतिकाळ (उत्तेजित केलेली ऊती पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) मोजून प्रमाण मूल्यांशी ताडण्याचं होतं. अडचण अशी की गाठ, सूज आणि निरोगी ऊती यांची मूल्यं एकमेकांत मिसळतात, आणि टी-१ तर चुंबकाच्या ताकदीनुसारही बदलतो. १९८७ साली जॉन्सन अँड जॉन्सन या पेटंटच्या खटल्यातून सुटली, कारण त्यांच्या यंत्रात प्रमाण मूल्यांशी तुलनाच नव्हती. १९९७ मध्ये मात्र जनरल इलेक्ट्रिकविरुद्धचा निकाल कायम झाला आणि कंपनीला १२ कोटी डॉलरहून अधिक मोजावे लागले. या पहिल्या पेटंटपुरता तो निकाल मला ताणलेला वाटतो.

त्याच खटल्यातलं दुसरं पेटंट अस्सल शोध होता: एकाच स्कॅनमध्ये वेगवेगळ्या कोनांत काप घेणं. कमरेच्या मणक्यांतली प्रत्येक चकती वेगळ्या कोनात कललेली असते. एका कापातली ऊती सावरेपर्यंत ग्रेडियंटची (कापाची जागा ठरवणाऱ्या चुंबकीय उताराची) दिशा बदलून दुसरा काप घ्यायचा, म्हणजे प्रत्येक चकतीला समांतर चित्र एकाच फेरीत मिळतं. काप जिथे एकमेकांना छेदतात तिथली ऊती दोनदा उत्तेजित होते आणि काळा पट्टा उमटतो. तो कण्यावर येऊ नये म्हणून कापांचे गट छेदबिंदू पाठीच्या स्नायूंत पडेल असे लावतात. यात भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम कुणाच्या नावावर झालेला नाही.

अल्ट्रासाऊंडच्या ज्या पेटंटचा तुम्ही ओझरता उल्लेख केलात, त्याचा क्रमांक कळवा. तोवर त्याचे स्वतंत्र दावे, म्हणजे ज्यात आधीच्या दाव्याचा संदर्भ नसतो ते, अटी सुट्या करून एकेका ओळीत लिहून काढा आणि ज्या यंत्रावर आक्षेप आहे त्यात कुठली अट नाही ते पाहा. युरोपातलं असेल तर आणखी एक: मोजमाप, तुलना, फरक आणि रोगाचं निदान हे चारही टप्पे दाव्यात असतील, तरच निदानपद्धती म्हणून ते नाकारलं जाऊ शकतं, असं २००५ मध्ये ठरलं आहे. त्यामुळे बहुतेक दावे निदानाच्या एक पाऊल अलीकडेच थांबवलेले दिसतील.