खुलासा : दागेरच्या छायाचित्रातील रस्ता निर्मनुष्य नव्हता

छायाचित्रणाचा फ्रेंच आद्य प्रवर्तक लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे टिपलेले दृश्य सध्या समाजमाध्यमांवर फिरत असून, 'जगातील पहिले छायाचित्र, पहाटेच्या ओस रस्त्याचे' असा मजकूर त्यासोबत दिला जातो. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

नाट्यगृहांनी गजबजलेला हा रस्ता त्या वेळीही वाहता होता. मात्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत, आणि तेवढ्या अवधीत पुढे निघून गेलेल्या घोडागाड्यांची व पादचाऱ्यांची खूणही त्यावर उरली नाही. चौकटीच्या खालच्या डाव्या भागात, पदपथाच्या कडेशी, एक पाय उचलून बुटांना पॉलिश करून घेणारा गृहस्थ तेवढा स्थिर राहिल्यामुळे स्पष्ट दिसतो. पॉलिश करणाऱ्याची आकृती मात्र, हात सतत हलत असल्याने, पुसट आहे. तारायंत्रामुळे पुढे ख्यातनाम झालेला सॅम्युएल मोर्स याने १८३९ मध्ये पॅरिसमध्ये हे चित्र पाहिले आणि भावाला पाठवलेल्या पत्रात नेमके हेच कारण नोंदवले. १८३९ मध्येच मिळालेला खुलासा आजही द्यावा लागतो, हे नवलच.

पहिलेपणाचा दावाही टिकत नाही, कारण आणखी एक फ्रेंच आद्य छायाचित्रकार निसेफोर निएप्स याने खिडकीतून टिपलेले दृश्य १८२६-२७ च्या सुमाराचे आहे. माणूस दिसणारे, आज ज्ञात असलेले सर्वांत जुने छायाचित्र मात्र सामान्यतः दागेरचेच मानले जाते. शिवाय मूळ पत्र्यावरील दृश्य आरशातल्यासारखे उलटे आहे, त्यामुळे फिरणाऱ्या प्रती सुलट केल्या आहेत की नाहीत, हे पाहूनच डावे-उजवे ठरवावे.