पडद्यावर ६४.८, ड्रायरमध्ये ८५

३५ किलो काजूगर करपले आणि पडदा शेवटच्या मिनिटापर्यंत ६४.८ दाखवत बसला! हिरवा दिवा, बाजूला ‘कनेक्टेड’, आणि ६४.८.

काल दुपारची गोष्ट. वेंगुर्ल्याला मामाच्या कारखान्यात नव्या ड्रायरचं ट्यूनिंग करत होतो. आत ६५ अंश धरायचे होते. कमी पडलं तर गराची साल सुटत नाही, वर गेलं तर रंग चढतो आणि पांढऱ्या ३२०चा (अख्ख्या पांढऱ्या गराची एक प्रत) माल स्कॉर्च्डच्या, म्हणजे करपटाच्या, डब्यात जातो. कंट्रोलर बोर्डावर, त्याचं मॉडेल, म्हणजे ब्लॉक जोडून काढलेली आकृती, लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, मध्ये यूएसबी. त्यातून बोर्डाचे आकडे पडद्यावर येतात आणि माझे बदल बोर्डाला जातात. पहिल्यांदा इंटिग्रल गेन (साठत गेलेली तापमानाची चूक कंट्रोलरने किती जोराने भरून काढायची तो आकडा) उतरवला, पडद्यावरचा आलेख वळला. दुसऱ्यांदा उतरवला, परत वळला. तिसऱ्यांदा उतरवला आणि रेषा अशी सरळ झाली की मी खुर्चीत मागे टेकलो. जमलं, म्हटलं. तेवढ्यात साल काढणाऱ्या मावशी दारातून ओरडल्या, “दादानू, करपल्याचो वास येता!”

धावत गेलो तेव्हा ८५ला लावलेल्या वेगळ्या थर्मोस्टॅटने हीटर तोडला होता. दोन तारांचा साधा थर्मोस्टॅट, त्याला ना आलेख ना हिरवा दिवा. त्याने वाचवलं, नाहीतर अख्खी ट्रॉली गेली असती. मामा रागाचा एक शब्द बोलला नाही. लॅपटॉपकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, “हडे चौसष्ट दिसतत, मगे गर लाल कशे झाले?” काय सांगू त्याला?

रात्री विंडोजचा लॉग काढून बघितला तेव्हा कळलं. तिसऱ्या बदलाआधीच हीटरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, सुटला, त्या झटक्याने यूएसबी क्षणभर तुटली आणि बोर्ड कॉम ७चा कॉम ९ (विंडोजने पोर्टला दिलेला नंबर) होऊन परत आला. विंडोजला कळलं. सॉफ्टवेअर मात्र कॉम ७ धरून बसलं, जिथे कोणीच नव्हतं. बोर्डाला पॅनलमधली वेगळी सप्लाय, त्यामुळे तो आपला चालूच. तिसरा गेन त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. मी आकडा टाकला, एंटर दाबलं, चौकटीत नवा आकडा बसला, आणि तिकडे बोर्ड जुन्याच गेनवर हीटर ओढत होता. म्हणजे लिहिलेलं पोचत नाही, वाचतोय ते शिळं, आणि वर तोंडावर ‘कनेक्टेड’!

कॉन्टॅक्टर असलेल्या पॅनलशेजारून लांब यूएसबी नेऊ नये, असे झटके अडवणारा आयसोलेटर लावावा नाहीतर सरळ लांब तारेसाठीचं आरएस-४८५ घ्यावं, हे मलाही कळतं. ती चूक माझी, आयसोलेटर आजच लावला. आणि तार सुटणारच. कोकणात पावसाळ्यात लाइट जाते, कनेक्टर हिरवे पडतात, हे धरूनच आम्ही काम करतो. पण सॉफ्टवेअरवाल्यांनो, सुटली तर सुटली म्हणून सांगा ना! शेवटचा डेटा येऊन ४० सेकंद झाले असतील तर आकडा लाल करा, राखाडी करा, चौकट रिकामी ठेवा. बोर्डाचे आकडे वाचायची-बदलायची एक्ससीपी ही ठरलेली पद्धत २००३ सालापासून आहे, त्याच्या डेटाच्या पाकिटावर वेळेचा शिक्का मारायची सोय आहे. तो शिक्का वाचून आकड्याखाली दाखवायला काय जातं तुमचं?

‘सिग्नल जास्त झाले असतील’ हे तर मला कोणी सांगूच नका. ११५२०० बॉडला (तारेचा वेग) सेकंदाला ११,५२० बाइट जातात. मी सेकंदातून एकदा १२ सिग्नल घेतो, चार-चार बाइटचे. ४८ बाइट! हेडरचे म्हणून तिप्पट धरा. हो, आकडे मागवायची पायरी १ मिलिसेकंदाची ठेवून तेच १२ सिग्नल मागवले तर ४८,००० होतात आणि लाइन तुंबते. ती चूक मी चिपळूणच्या कामात केली होती, त्यानंतर कधी केली नाही.

आणि तो चेकसम! मॉडेल आणि बोर्डावरचा कोड एकच आहे ना, हे पडताळायचा आकडा. मॉडेलमध्ये एक ब्लॉक वाढवला की तो जुळत नाही आणि सॉफ्टवेअर जोडायला नकार देतं. थांबवलं ते बरोबरच. पण काय जुळत नाही ते सांगायला काय होतं? १४ ओळींचा एरर, त्यात माझ्या ब्लॉकचं नाव एकदाही नाही. मग मॉडेलचा पुन्हा कोड बनवा (बिल्ड), पुन्हा बोर्डावर चढवा. चढवायला चार मिनिटं, पण इंटिग्रेटर, म्हणजे कंट्रोलरने साठवलेली चुकीची बेरीज, शून्यावर येतो, ड्रायर थंड पडतो, पुन्हा तापून स्थिर व्हायला अर्धा तास. चालू यंत्रावर गेन बदलता यावा म्हणून तर ही सगळी जोडाजोडी! कधी गेन कोडमध्ये पक्का आकडा म्हणून गाडला जातो आणि पॅरामीटर ट्यूनेबल (चालू असताना बदलता येईल असा) ठेवायचा राहिला हे अर्धा दिवस गेल्यावर कळतं. कधी पोर्ट उघडताच डीटीआर नावाची सिग्नलची लाइन हलते आणि बोर्ड रीसेट. कुडाळच्या बाजारातून आणलेल्या एका केबलमध्ये तर डेटाच्या तारा नव्हत्याच, फक्त चार्जिंगच्या. दोन तास मी ड्रायव्हर बदलत बसलो होतो.

सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकात मात्र कायम टेबलावरचा एलईडी मिचकावून दाखवतात. एलईडी करपत नाही. त्याच्यासाठी पहाटे पाचला भट्टी पेटवून बी वाफवून, फोडून कोणी दिलेली नसते.

आज दिवसभर बसून बोर्डावर एक काउंटर टाकला, दर सेकंदाला एकाने वाढणारा. तो पाच सेकंद हलला नाही की लॅपटॉप भोंगा वाजवतो आणि सगळे आकडे पुसतो. चाळीस ओळी लागल्या. इतकी वर्षं पैसे घेऊन सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना या चाळीस ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत! ड्रायरच्या दारावर वेगळ्या सेन्सरचा लाल आकड्यांचा डिस्प्लेही लावला, लॅपटॉपशी त्याचा काही संबंध नाही. उद्या सातला पुढचा लॉट लागतोय. मावशींना सांगून ठेवलंय, वास आला तर माझ्या पडद्यावर काय दिसतंय ते विचारायचं नाही, सरळ मेन स्विच पाडायचा.