कोकणात लॉन्चपॅड मागणाऱ्यांनो, आधी वॉलॉप्स बघा

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक विषय उसळतो. कोकणाला एवढा किनारा आहे, चिपीला विमानतळही झाला, मग रॉकेट आपल्याकडून का उडत नाहीत? एरोस्पेस आणा, पोरं मुंबईला जायची थांबतील. मी मेरीलँडमध्ये राहतो. इथून गाडीने काही तासांवर वॉलॉप्स नावाचा एक किनारा आहे, जिथे हा प्रयोग ऐंशी वर्षं चालू आहे. म्हणून हे लांबण.

लॉन्चपॅडचा मुद्दा आधी संपवतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे रॉकेट पूर्वेला सोडलं की तिचा वेग फुकटात मिळतो. पण खाली समुद्र हवा, कारण जळून रिकामे झालेले टप्पे तिथेच पडतात. आपल्या पूर्वेला सह्याद्री आणि त्यापलीकडे अख्खा महाराष्ट्र. विषय मिटला.

उद्योग मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि त्यासाठी व्हर्जिनियातली अ‍ॅकोमॅक काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बघण्यासारखी आहे. एका बाजूला चेसापीक उपसागर, दुसऱ्या बाजूला अटलांटिक, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. वस्ती सुमारे ३३ हजार, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी. सोयाबीन, मका, कालवं, तिसऱ्या आणि कोंबड्यांच्या लांबच लांब शेड. तिथल्या वॉलॉप्स बेटावरून पहिलं रॉकेट उडालं जुलै १९४५ मध्ये. तेव्हापासून १६ हजारांहून जास्त उडाली, बहुतेक लहान, वातावरणाचा अभ्यास करणारी. केरळातला थुंब्याचा रॉकेट तळ सुरू होण्याआधी आपले तरुण इंजिनिअर इथे शिकायला आले होते, अब्दुल कलामही त्यांत होते. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालेलं पहिलं नायके-अपाची रॉकेटसुद्धा नासानेच दिलेलं.

आता सांगा, इतकी रॉकेट उडवलेल्या काउंटीत सगळ्यात जास्त नोकऱ्या देणाऱ्या खाजगी कंपन्या कोणत्या असतील? पर्ड्यू आणि टायसन. चिकन कापून पॅक करणाऱ्या कंपन्या. अमेरिकेतही शेवटी कोंबडीच!

कारण साधं आहे. उड्डाण म्हणजे उद्योग नव्हे. गावात सिनेमाचं शूटिंग यावं तसं ते असतं: युनिट येतं, लॉजच्या खोल्या भरतात, चहावाल्याची चांदी होते, युनिट जातं. रॉकेट बनतं दुसरीकडे. स्पेस स्टेशनला सामान नेणारं अँटारीस २०१३ पासून इथून उडायला लागलं, तेव्हा काउंटीला केवढी आशा होती. जुळणी वॉलॉप्सला व्हायची, पण पहिल्या टप्प्याचा सांगाडा युक्रेनमधून यायचा आणि २०१६ नंतरची इंजिनं रशियातून. २०१४ च्या ऑक्टोबरात एक बोट धोक्याच्या क्षेत्रात शिरली म्हणून उड्डाण एक दिवस पुढे गेलं, आणि दुसऱ्या दिवशी रॉकेट उठल्या उठल्या कोसळलं. तळाच्या दुरुस्तीला सुमारे दीड कोटी डॉलर लागणार होते. ते कुणी भरायचे यावर रॉकेटची कंपनी, राज्याचं प्राधिकरण आणि नासा यांच्यात बरीच घासाघीस झाली. मग २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि सुटे भागच बंद झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या जातीचं शेवटचं अँटारीस उडालं. पुढची सामानाची यानं फ्लोरिडातून, दुसऱ्याच कंपनीच्या रॉकेटवर जाऊ लागली. अ‍ॅकोमॅकच्या माणसाची यात चूक काय? काहीच नाही. मला खटकतं ते हेच. त्याच्या हातात काही नव्हतंच.

सध्या आशा आहे रॉकेट लॅब या खाजगी कंपनीच्या न्यूट्रॉन या नव्या रॉकेटवर. २०२२ मध्ये वॉलॉप्सची निवड झाली, राज्याने साडेचार कोटी डॉलरची तरतूद केली, २५० च्या आसपास नोकऱ्यांचं बोललं गेलं. त्या वेळी कारखाना इथेच होणार म्हणून जाहीर झालं होतं. पुढे काय झालं? कार्बन फायबरचे मोठे भाग घडवणारं अवाढव्य यंत्र बसलं मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरजवळच्या मिडल रिव्हरला. माझ्या मते यात नवल नाही. जिथे विमानं बनवणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या, तिथे शेडही तयार मिळते आणि माणसंही. वॉलॉप्सला पॅड आणि जुळणी राहिली. पॅडचं उद्घाटन ऑगस्ट २०२५ मध्ये झालं, पण त्या वर्षी ठरलेलं पहिलं उड्डाण पुढे ढकललं गेलं.

मग या काउंटीला टिकाऊ काही मिळालंच नाही का? मिळालं, पण त्याचे फोटो कुणी काढत नाही. रडार सांभाळणारे, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, अग्निशमनवाले, उड्डाणाच्या क्षेत्रात सुरक्षा बघणारे. नासाच्या जोडीला नौदलाचं केंद्र आहे, त्यामुळे एक कार्यक्रम बंद पडला तरी दुसरं काम चालू राहतं. मेल्फा गावात छोटंसं कम्युनिटी कॉलेज आहे, आपल्या आयटीआयचा थोरला भाऊ म्हणा. एखाद्या रॉकेटपेक्षा त्या कॉलेजवर या भागाचं जास्त अवलंबून आहे असं मला वाटतं. (करांचंही बघा. केंद्र सरकारच्या जमिनीवर काउंटीला मालमत्ता कर लावता येत नाही. पाटी भव्य, तिजोरीत शून्य.)

तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला फेब्रुवारी २०२४ मध्ये इस्रोच्या दुसऱ्या तळाची पायाभरणी झाली. ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांसाठी रॉकेट पूर्वेला नाही, दक्षिणेला सोडावं लागतं. त्यासाठी तिथलं स्थान खरंच योग्य आहे; श्रीलंकेला वळसा न घालता थेट दक्षिणेला झेप घेता येते. पण तिथल्या मच्छीमारांच्या मुलांना काय मिळणार हे पॅडवर नाही, आसपास कुठलं काम उभं राहतं यावर ठरेल.

आणि कोकण? आपल्याला समुद्राची गरजच नाही. नाशिकजवळच्या ओझरला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल आहे, तिथे कुठे समुद्र आहे? नाशिकच्याच सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या शेडमध्ये बारीक मापाचं मशीनिंग चालतं, ते शिकायला रत्नागिरी-कुडाळच्या पोरांना अडचण कसली? मागायचंच असेल तर चांगल्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीन असलेली आयटीआय मागा, त्या चालवायला येणारा शिक्षक मागा आणि दिवसभर न जाणारी वीज मागा. कुणी कंपनी जमीन मागायला आली, तर किती माणसं, कुठल्या कामावर, किती वर्षं, हे सवलत देण्याआधी करारात लिहून घ्या.