तत्त्वतः सहमत

पुण्यात पुरोगामी नगरसेवक होण्याचा तुमचा निर्णय योग्यच आहे. त्यासाठी लागणारे भांडवल या शहरातील थोरांनी एकोणिसाव्या शतकातच जमा करून ठेवलेले असल्यामुळे नव्याने फारसे काही कमवावे लागत नाही. १८४८ साल, फुले दांपत्याच्या मुलींच्या शाळेचा भिडेवाडा आणि महात्मा फुले यांच्या स्मारकाची समताभूमी यांचे उच्चारण योग्य जागी करता आले की अर्धे काम झाले. या नावांचा आपल्या प्रभागातील रस्ता, ओढा, कचरा आणि पाणी यांच्याशी कधीही संबंध येऊ न देणे, हे उरलेले अर्धे काम होय. ते दिसते तितके सोपे नाही आणि त्याविषयी कोणताही पक्ष आपल्या शिबिरात मार्गदर्शन करीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्वप्रथम अंतराचे भान ठेवावे. प्रश्न जितका लांबचा, तितकी तुमची भूमिका ठाम असली पाहिजे. ॲमेझॉनच्या जंगलाबद्दल तुम्ही निःसंदिग्ध असावे, पश्चिम घाटाबद्दल चिंताग्रस्त असावे, वेताळ टेकडीबद्दल सर्व बाजू समजून घेत असावे आणि तुमच्या संपर्क कार्यालयासमोरचा वड रस्तारुंदीत येत असेल, तर उद्यान विभागाचा अहवाल येईपर्यंत त्याच्या सावलीत उभे राहूनही काही बोलू नये. याच टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याबाबत सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या निसर्गप्रेमींसमवेत घोषणा द्याव्यात आणि सायंकाळी विधी महाविद्यालय रस्त्यावरील रहिवाशांच्या बैठकीत वाहतूककोंडीवर तातडीने तोडगा हवा असे म्हणावे. दोन्ही ठिकाणी टाळ्या मिळतात, आणि सकाळी टेकडी चढणारे बहुतेक जण तिथवर मोटारीनेच येत असल्याने कित्येकदा त्या एकाच माणसाच्या असतात. करांचेही तसेच आहे. जगातील अतिश्रीमंतांवर संपत्तीकर लावण्यास तुमचा पाठिंबा असावा. परंतु पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरात जी ४० टक्के सवलत मिळते, ती दोन खोल्यांच्या घराला आणि प्रभात रस्त्यावरील बंगल्याला सारखीच का, असा प्रश्न चुकूनही मनात आणू नये. ही सवलत मध्यंतरी बंद झाली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला, तेव्हा श्रेय घेण्यासाठी सर्व विचारसरणींची माणसे एकाच रांगेत उभी होती, हे लक्षात असू द्यावे.

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद केले आहेत. ती यादी एकदा वाचावी आणि विसरून जावे. तीत पाणीपुरवठा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, दहनभूमी, कोंडवाडे, बसथांबे आणि वाहनतळ असे विषय आढळतील. साम्राज्यवादाचा उल्लेख कोठेही नाही. याचा अर्थ असा की ज्या विषयांवर तुम्हाला थोडाफार अधिकार आहे त्यांवर बोललात तर उद्या हिशेब द्यावा लागेल, आणि ज्यांवर काडीचाही अधिकार नाही त्यांवर तुम्ही आयुष्यभर निष्कलंक राहाल. (लांबच्या अन्यायाबद्दल बोलूच नये, असे मुळीच नाही. जगाची चिंता वाहणारा माणूस आपल्या गल्लीचीही वाहील, अशी मतदारांची जी भाबडी समजूत असते, तिच्यावरच तर सगळा डोलारा उभा आहे.)

बहुसदस्यीय प्रभागपद्धतीवर सभासंमेलनांतून टीका करावी, कारण ती लोकशाहीविरोधी आहे; मनातून मात्र तिचे ऋणी राहावे. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ सदस्य निवडून येतात आणि एक सोडून प्रत्येक प्रभागात चार जण असतात. सांडपाणी रस्त्यावर आले की चौघांपैकी प्रत्येकाला उरलेल्या तिघांकडे बोट दाखवता येते, आणि वाहिनी दुरुस्त झाली की चारही जणांचे स्वतंत्र फलक लागतात. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, तिच्या अंमलबजावणीची मागणी तुमच्या जाहीरनाम्यात अवश्य असावी, आणि ती जाहीरनाम्यातच सुरक्षित राहील याचीही काळजी घ्यावी. मतदारांनी समोर बसून कामांचा प्राधान्यक्रम ठरवायचा, ही कल्पना परिसंवादात जितकी सुंदर वाटते तितकी ती समाजमंदिरातल्या सतरंजीवर वाटत नाही.

तुमची खरी कसोटी रस्त्यावर लागते, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. रस्ता सर्वांचा आहे, त्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आणि मग बसचा, हे तुम्ही जाणताच. महापालिकेनेही ते २०१६च्या पादचारी धोरणाने मान्य केलेले आहे. धोरण मान्य असणे आणि पदपथ चालण्याजोगा असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि पुरोगामी राजकारणाला लागणारी सर्व मोकळी जागा या दोहोंच्या मध्ये आहे. या जागेचा आदर्श वापर पाहायचा असेल तर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर जावे. २०२१ पासून तेथे पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद असतो, लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, मुले खेळतात, तुम्हीही सहकुटुंब चालावे, छायाचित्र काढून घ्यावे आणि हे असेच रोज का असू नये असा सवाल करावा. दुसऱ्या दिवशी एखाद्या खवचट पत्रकाराने तोच सवाल तुम्हाला केला, तर व्यापाऱ्यांना विश्वासात घ्यावे लागेल असे सांगावे. व्यापारी विश्वासात कधी येतात याला मुदत नसते.

येथे तुमच्या कामी येणारे वाक्य एकच आहे आणि ते पाठ असावे: 'आम्ही तत्त्वतः सहमत आहोत, मात्र आधी पर्यायी व्यवस्था झाली पाहिजे.' या वाक्याचे सामर्थ्य वरवर पाहून कळत नाही. रस्त्यावर गाडी लावण्यासाठी शुल्क आकारावे, असे पार्किंग धोरण २०१८ मध्ये मुख्य सभेत आले, तेव्हा आधी सार्वजनिक वाहतूक सुधारा असा आक्षेप निघाला. बस वेळेवर धावण्यासाठी तिला स्वतंत्र मार्गिका द्यावी असे म्हटले की आधी रस्ता रुंद करा असे म्हणता येते. रस्ता रुंद करायचा तर कडेच्या गाड्या हटवाव्या लागतात, आणि गाड्या हटवायच्या तर त्यांच्यासाठी आधी वाहनतळ हवेत. वाहनतळ बांधून ते भरावेत अशी अपेक्षा असेल तर रस्त्यावरचे फुकट पार्किंग बंद करावे लागते, म्हणजे पुन्हा आपण पार्किंग धोरणाशी येऊन पोहोचतो. या फेऱ्यात प्रत्येक टप्प्यावर तुमची मागणी रास्त असते, प्रत्येक मागणीला तज्ज्ञांचा दुजोरा मिळतो आणि एकाही मोटारचालकाचे मत दुखावत नाही. २००६ मध्ये स्वारगेट ते कात्रज मार्गावर बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग सुरू करून देशात पहिले पाऊल टाकल्याचा अभिमान या शहराला आहे. नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका अलीकडे उखडून टाकली गेली, तेव्हा कोंडी सुटेल या आशेने समाधान मानणाऱ्यांतही हाच अभिमान बाळगणारे होते. तुम्ही दोन्ही प्रसंगी बसप्रवाशांच्या बाजूने आहात असे निवेदन द्यावे. बसने मात्र जाऊ नये, कारण कार्यक्रमांना उशीर होतो.

पथारीवाल्यांविषयी फार लिहीत नाही. २०१४चा पथविक्रेता कायदा तुमच्या भाषणात असावा, नगर पथविक्रेता समितीवर ४० टक्के प्रतिनिधित्व विक्रेत्यांचे असले पाहिजे हेही असावे, आणि तुमच्या सोसायटीसमोरची भाजीची पथारी कोणाच्या फोनवरून उठली, हे नसावे. कचरावेचकांचे तसेच. त्यांच्या कष्टांवर उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून या शहरात घरोघरी कचरा गोळा करते आणि तिचे उदाहरण देशभर दिले जाते. तुम्हीही द्यावे, ८ मार्चला कचरावेचक महिलांना साडी देऊन त्यांचा सत्कारही करावा. मात्र त्यांना कचरा वेगळा करण्यासाठी शेड हवी असेल, तर ती शेजारच्या प्रभागात कशी अधिक सोयीची आहे हे अभ्यासपूर्वक मांडावे. विकेंद्रित कचरा व्यवस्थापनाला पाठिंबा देताना केंद्र कोठे नको हे आधी ठरलेले असले, की मग विकेंद्रीकरणाला कसलीच अडचण येत नाही.

संकटकाळी मात्र तुमच्यातील नेतृत्व उजळून निघाले पाहिजे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्यात गेली. असे पुन्हा घडेल तेव्हा पहिल्या तासात गुडघाभर पाण्यात उतरावे. कमरेएवढ्या पाण्यात उतरू नये. चेहरा ओळखू येतो, पण गांभीर्य जाऊन धाडस दिसू लागते. दुसऱ्या तासात हवामानबदलाचा उच्चार करावा. हवामानबदल खरा आहे, शास्त्रसिद्ध आहे आणि शिवाय तो तुमच्या प्रभागात राहत नाही, त्यामुळे त्याच्यावर ठेवलेला ठपका कोणाच्याही नावावर जात नाही. ओढ्याची रुंदी कोणत्या बांधकामापाशी अचानक कमी होते, त्याला परवानगी कोणत्या साली मिळाली आणि त्याच्या भूमिपूजनाच्या पत्रिकेवर कोणाची नावे होती, हे प्रश्न दुःखाच्या प्रसंगी काढणे असंवेदनशील ठरते. कोणी फारच खोदून विचारले, तर आंबिल ओढा वळवण्याची परंपरा पेशवाईपर्यंत मागे जाते हे सांगून ऐतिहासिक जबाबदारी निश्चित करावी. पेशवाईवर टीका केल्याने तुमच्या पुरोगामीपणालाही उजाळा मिळतो.

पूररेषेबद्दल बोलताना विशेष जपावे. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, बांधकामाला मनाई असते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. या रेषांचे शास्त्रीय पद्धतीने पुनःसर्वेक्षण व्हावे, अशी तुमची मागणी असावी. निसर्गप्रेमींना वाटेल की रेषा नदीपासून दूर सरकेल, बांधकाम व्यावसायिकांना वाटेल की ती नदीकडे सरकेल, आणि सर्वेक्षण होईपर्यंत दोघेही तुमचे आभारी राहतील. ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधारणा प्रकल्पाबाबतही नदी वाहती राहावी, पक्षी राहावेत, काठावर हिरवळ आणि सायकल मार्ग व्हावा आणि प्रकल्प पर्यावरणपूरक असावा, असे म्हणावे. 'पर्यावरणपूरक' हा शब्द सिमेंटच्या कोणत्याही जाडीवर चिकटतो. धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय जलसंपदा विभागाचा आणि नागरिकांना वेळेत सावध करण्याचे काम महापालिकेचे असल्याने त्या दोहोंमध्ये समन्वयाचा अभाव होता, हे वाक्य मात्र प्रत्येक पावसाळ्याच्या आरंभीच टंकलिखित करून ठेवावे. २०२५च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही हे वाक्य थोड्या फरकाने चालले असते. २०२१ मध्ये हद्दीत घेतलेल्या गावांना कर महापालिकेचा आणि पाणी विहिरीचे अशी वाटणी होती, तीही समन्वयाच्या अभावातच मोडते.

सभागृहाच्या आत तुमचे शस्त्र कार्यपद्धती हे आहे. नको असलेल्या विषयाला विरोध करू नये. तो फेरविचारासाठी पाठवावा, अभिप्रायासाठी पाठवावा, एक महिना पुढे ढकलावा आणि अखेर कोणाच्याही लक्षात न येता दप्तरी दाखल होऊ द्यावा. हवा असलेला विषय ऐनवेळी आणावा. मतदानाची वेळ आलीच आणि दोन्ही बाजूंचे मतदार गॅलरीत बसलेले दिसले, तर लोकशाहीची गळचेपी झाल्याचे सांगून सभात्याग करावा, कारण सभात्याग करणाऱ्याचे मत ना बाजूने मोजले जाते ना विरोधात, वर्तमानपत्रात छायाचित्र मात्र त्याचेच येते. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात महापालिकेवर प्रशासक होता आणि सभागृहच नव्हते. लोकशाहीच्या दृष्टीने तो काळा कालखंड होता हे आवर्जून सांगत जावे. पुरोगामी माजी नगरसेवकांना तो किती मानवला, प्रत्येक खड्ड्याला प्रशासक जबाबदार असल्याने मते कशी लखलखीत राहिली, हे खाजगीत आठवावे.

राहता राहिली जयंती आणि पुण्यतिथी. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबरला समताभूमीवर हजर राहावे, हे सांगायला नको. एवढेच जपावे की महात्मा फुले यांच्याबद्दल बोलताना शाळा, हौद आणि सत्यशोधक समाज यांवर भर द्यावा आणि ते १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, या माहितीकडे श्रोत्यांचे लक्ष जाऊ देऊ नये. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव तेथे आला, तेव्हा करदात्यांचा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे म्हणून ३२ सदस्यांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधात मत नोंदवले होते. एखाद्या महाविद्यालयीन मुलीने ही हकिगत वाचलेली असेल आणि कार्यक्रमानंतर तिने तुम्हाला गाठून, तुम्ही त्या सभेत असता तर काय केले असते असे विचारले, तर गडबडून जाऊ नये. आपण तत्त्वतः जोतीरावांशी सहमत होतो असे सांगून पुढे म्हणावे की स्वागताचा खर्च निम्म्यावर आणून उरलेली रक्कम शिक्षणासाठी वर्ग करावी आणि त्याबाबत एक अभ्यासगट नेमावा, अशी उपसूचना आपण नक्कीच दिली असती. ती अभिप्रायासाठी जाऊन परत येईपर्यंत लॉर्ड लिटन मानपत्र घेऊन गेलेले असते आणि बिलही मंजूर झालेले असते, हे तिला सांगण्याची आवश्यकता नाही.